खिडकीचं टेबल

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. तो घ्यायचा की नाही ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र न फोडता परत करता येतं हे मला माहीत आहे. पण त्यासाठी पोस्टात जावं लागतं, आणि रांगेत उभं राहणं तुला कधीच आवडलं नाही.

काम एवढंच आहे की आईचा जुना चष्मा तुझ्या ट्रंकेतून तिकडे गेला असावा. नव्याशी तिचं जमत नाही. सापडला तर पाठव.

इथेच थांबणार होते, पण कागद अर्धा कोरा राहिला.

आईनं परवा विचारलं, तुम्ही दोघी तिथे वर्षानुवर्षं नेमकं करत काय होता? तुझी अठरा वर्षं तिथे गेली आणि माझी बारा, आणि तिला माहीतच नव्हतं. मी सांगितलं. वायरमन लोकांचे रबरी हातमोजे महिन्यातून एकदा आमच्याकडे येतात. ते धुऊन वाळवतो. मग मोज्याचं तोंड गुंडाळत आणून आत हवा कोंडायची, मोजा टरारून फुगला की गालाजवळ धरायचा. कुठे सुईएवढं भोक असलं तरी हवा गालाला लागते. शेजारी धुलाईची यंत्रं धडधडतात, कानाचा उपयोग नाही, म्हणून गाल. हवा लागली तर मोजा बाद. नाही लागली तर आतल्या बाजूला आपल्या नंबरचा शिक्का. आई म्हणाली, "म्हणजे ती माणसं तुमच्या गालांवर जगतात."

तपासणीची खोली आता तुला ओळखू येणार नाही. तू असताना एका टेबलावरून दिवसाला चाळीस जोड्या व्हायच्या. आता पंचावन्न होतात. मी कुणावर आवाज चढवत नाही. चुकलं म्हणून कुणाला भिंतीशी उभं करत नाही. बायका घंटेआधी येऊन बसतात. हे कसं झालं ते सांगितलं तर तू हसशील. मी खिडकी उघडली.

तीच, रस्त्याकडची, नऊ खिळे मारलेली. सप्टेंबरात पक्कड घेऊन स्टुलावर चढले आणि एकेक उपटला. पहिला वारा आत आला तेव्हा मामी, खोलीतली सगळ्यांत जुनी, जी तुझ्यासमोर कधी मान वर करायची नाही, ती डोळे मिटून नुसती उभी राहिली. वरती पत्रा, आत आठ बायका, पंख्याला बंदी, बोलायला बंदी, आणि अर्ध्या अर्ध्या तासानं ओल्या फडक्यानं डावा गाल पुसायचा. त्या म्हणायच्या, मोठ्या बाईंना वाटतं आम्ही झोपा काढतो, म्हणून जनावरासारखं तोंड पुसायला लावतात. ते फडकंही मी बंद केलं.

मग एक नियम केला. खिडकीशी एकच टेबल मावतं. महिन्यात ज्या टेबलावरून सर्वांत जास्त जोड्या पास होतील, पुढचा महिना खिडकी त्या टेबलाची. बक्षीस नाही, हार नाही, भाषण नाही. नुसता वारा. मालकांना लगेच पटलं. फुकटचं होतं.

मुंगी आठवते? चार नंबरच्या शिक्क्याची, अंगानं एवढीशी, जिला तू दोनदा रडवलंस. पहिल्याच महिन्यात ती जिंकली. ऑक्टोबरपासून खिडकीशी आहे आणि तेव्हापासून दर महिन्याला तीच पहिली येते. दिवसाला साठ जोड्या. बाद तर जवळजवळ नाहीच. मध्यंतरी माझ्याकडे आली होती, माझी जुनी जागाच बरी म्हणाली. बाकीच्यांच्या डोळ्यांवर आली असेल. मी म्हटलं, बस, कमावलं आहेस.

माणसाला ढोसून काम होत नाही, ताई. त्याला हवं असतं ते डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. हे तुला शिकवायला लिहीत नाही. पण तुला काढा म्हणणाऱ्या अर्जावर माझीही सही होती याचा राग तू दीड वर्ष धरलास, तर त्या अर्जानंतर काय झालं तेही तुला कळावं.

तुझ्याकडच्या वायरमन टोळीचे मोजेही आमच्याकडेच येतात. पोत्यावर तुझ्या गावाचं नाव दिसतं तेव्हा ते पोतं मी आधी सोडते.

धाकटी


२९ जानेवारी

ताई,

चष्मा मिळाला. आईनं लगेच लावला. तू चष्मा गुंडाळला होतास त्या फडक्याच्या घड्या तिनं ओळखल्या आणि ते फडकं उशाशी ठेवून घेतलं.

आत तुझी चिठ्ठी होती. ती तिला दाखवली नाही. दीड वर्षानंतर तू मला दोन शब्द लिहिलेस, "खिडकी लाव." खाली सही नाही, वर ताई-धाकटी काही नाही. का लावू, ते नाही.

मला हसू आलं आणि मग आलं नाही. हेच तू अठरा वर्षं केलंस. गाल पुसा. बोलू नका. पंखा नको. का, म्हणून विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं असायचं, विचारू नका, करा. मी तुझी सख्खी बहीण, बाराएक वर्षं तुझ्या हाताखाली काढली, मलाही तू कधी कारण सांगितलं नाहीस. लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून मला ओढलंस तेव्हाही आधी थोबाडीत दिलीस, आणि कठडा फुटलेला होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी खिडकी लावलेली नाही.

आता खरं ते लिहिते, नाहीतर तुला वाटेल मी उगाच चिडले. गेल्या आठवड्यात एका टोळीच्या मुकादमानं एक मोजा परत आणला. त्यानं तो सहज पाण्यानं भरून टांगला होता. अंगठ्याच्या बुडाशी एक थेंब येत होता. पडत नव्हता, नुसता येत होता. आतला शिक्का चार नंबरचा.

मी सांगितलं की वापरात टोचलं असेल. तो म्हणाला, "बाई, अजून वापरला कुठे, जोडीतल्या दुसऱ्यात तुमची भुकटी अजून तशीच आहे." मी मोजा ठेवून घेतला. मालकांना सांगितलं नाही. एकच तर मोजा. तुझ्या वेळीही वर्षातून एखादा यायचा.

मुंगीला बोलावलं नाही. तिची उमेद खचेल. या महिन्यात ती पासष्टवर जाईल असं दिसतं.

खिळे तुझ्या आधीपासून होते की तूच मारलेस? एवढं सांगायला काही हरकत नसावी.

धाकटी


१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. आता त्याची वाट पाहून उपयोगही नाही. मला कळलं आहे.

शुक्रवारी एका वायरमनला झटका बसला. खांबावर, उजव्या हातात. पट्टा होता म्हणून खाली पडला नाही, सोबत्यांनी उतरवला. जिवावरचं हातावर गेलं असं सगळे म्हणतात. त्याला ते म्हणून पाहा असं मी म्हणत नाही. दोन बोटं काढावी लागतील. अठ्ठावीस वर्षांचा आहे.

शिक्का चार नंबरचा.

शनिवारी अर्धी सुटी असते. सगळ्या गेल्यावर मी खोलीत थांबले. एक चांगला मोजा घेतला आणि करंगळीच्या टोकाला सुईनं भोक पाडलं. आतल्या भिंतीशी उभी राहून फुगवला, गालाशी धरला. लागलं. अगदी बारीक, कुणी लांबून फुंकर मारावी तसं. मग तोच मोजा घेऊन मुंगीच्या खुर्चीत बसले. खिडकी उघडी होती. वारा काही फार नव्हता, समोरचा पडदासुद्धा हलत नव्हता. मोजा फुगवला, गालाशी धरला.

काही नाही.

पुन्हा धरला. गाल सगळीकडूनच गार लागत होता. त्यातली मोज्याची हवा कुठली आणि रस्त्याची कुठली? मग तुझी आठवण झाली. नळावर जाऊन फडकं भिजवलं, गाल पुसला, भिंतीशी गेले. ओल्या गालाला ते भोक इतकं ठसठशीत कळलं की मी मोजा खाली टाकला.

म्हणजे खिडकी बंद यासाठी. पंखा नको तो यासाठी, समोरासमोर बसून बोलायचं नाही तेही यासाठीच. गाल ओला ठेवायचा तो झोपेसाठी नाही. बारा वर्षं मी गाल पुसला आणि मला कळलं नाही. आणि जिला मी सगळ्यांत चांगली म्हणून खिडकीशी बसवलं, तिला भोकं लागेनाशी झाली, म्हणून तिच्या जोड्या जास्त पास झाल्या, म्हणून ती पुन्हा पहिली आली, म्हणून ती खिडकीशीच राहिली. मी दर महिन्याला टाळ्या वाजवल्या.

पुढे ऐक. वीज कंपनीचे दोन तपासनीस सव्वीस तारखेला येणार आहेत. मालकांनी जबाब लिहून ठेवला आहे. चार नंबरच्या बाईनं निष्काळजीपणा केला, घाईत तपासणी केली, तिला कामावरून काढलं आहे. खाली माझी सही हवी. काढलेलं अजून नाही, सव्वीसला काढतील. वर पोलिसांत जायचं की नाही ते कंपनी ठरवेल.

मी मालकांना वाऱ्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, खिडकीचं तोंडातून काढलंत तर ते सगळेच मोजे परत मागवतील. मोजे परत मागवले की कंत्राट गेलं. कंत्राट गेलं की आठ बायका, धुलाईवाले, गाडीवाला, सगळे घरी. तुम्ही एकीचा विचार करताय, मी चाळीसांचा करतोय.

गेल्या महिन्याभरात चार नंबरनं पास केलेल्या दीड हजार जोड्या आज लोकांच्या हातांत आहेत.

मुंगीनं याबद्दल कधी तक्रार केली होती का, असंही त्या जबाबात एक कलम आहे. नव्हती, असं मी तोंडी सांगितलं आहे. सही अजून केलेली नाही.

धाकटी


२१ फेब्रुवारी, दुपारी एक

ताई,

हे पत्र पोस्टानं येत नाही. गाडीवाला तुझ्या हातात देईल. तो दारात उभा असेल, त्याला आत घे किंवा घेऊ नकोस, पण हे पूर्ण वाच. काय हवं ते आधी लिहिते.

तुझ्या गावची टोळी सध्या जुन्या पाण्याच्या टाकीजवळच्या गोदामात उतरली आहे. तिथे रेंज नाही. सकाळपासून मुकादमाला फोन लावते आहे, लागत नाही. तुला सात वेळा लावला, तो लागतो आणि तू उचलत नाहीस. टोळी उद्या सकाळी सातला खांबांवर चढणार. टोळी लहान आहे, त्यांच्याकडे बाराच जोड्या आहेत, त्यातल्या नऊ चार नंबरच्या. त्या काढून घे. गाडीवाल्याच्या सांगण्यावरून मुकादम काम थांबवणार नाही, मोजे तर देणारच नाही. तुझा शब्द तो मोडत नाही, हे तुला माहीत आहे.

वेळ असेल तर पुढचं वाच. नसेल तर आधी जा.

काल संध्याकाळी मुंगी घरी आली. आईनं तिला बसवलं, पाणी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पेला हातातच धरून. मला वाटलं रडेल, पाया पडेल. त्याची मी तयारी केली होती. ती एवढंच म्हणाली,

"बाई, मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

मी आईकडे बघितलं.

"नोव्हेंबरात. इथे गालाला कळत नाही म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, सवय होईल. म्हणालात ना? सगळे विचारतात आणि मला आता वाटायला लागलंय, मी सांगितलंच नव्हतं."

तक्रार करायला ती आली नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती की तिचं डोकं ठिकाणावर आहे.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, तिला जुनी जागा बरी वाटत होती, बाकीच्यांच्या डोळ्यांवर आली असेल. खोटं लिहिलं. तिनं कारण सांगितलं होतं, याच शब्दांत सांगितलं होतं. मी ऐकलं आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? खिडकी बंद करावी लागली तर ताई बरोबर ठरेल. एवढंच वाटलं. मग म्हटलं, सवय होईल.

आणखी एक. अर्जावर नुसती "माझीही सही" नव्हती. अर्ज मीच लिहिला होता. सात जणींच्या सह्या मी घरोघर जाऊन घेतल्या. मामी तर नको म्हणत होती.

मुंगीला मी म्हटलं, "सांगितलं होतंस." तिनं मान हलवली, पाणी प्यायली, आईला येते म्हणाली आणि गेली. आई मला म्हणाली, "आता तू काय करणार?" मी म्हटलं, सव्वीसला बघू. आईनं तू पाठवलेला तो चष्मा डोळ्यांवरून काढला आणि म्हणाली, "सव्वीसपर्यंत ते खांबावर चढायचे थांबणार आहेत का?"

आज सकाळी आधी दवाखान्यात गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. त्या वायरमनचा हात खांद्यापर्यंत गुंडाळलेला होता. त्याची बायको बाहेर औषध आणायला गेली होती. मी कुठून आले ते सांगितलं. तो छताकडे बघत होता. म्हणाला, "मी शिक्का बघून घातला होता. रोज बघतो."

तिथून खोलीवर आले. रजिस्टर काढलं आणि एकेका मुकादमाला फोन लावायला बसले. एकतीस टोळ्या. चार नंबरचा शिक्का असलेला मोजा घालू नका, बाजूला ठेवा, गाडी येईल. का, म्हणून सगळ्यांनी विचारलं. सगळ्यांना सांगितलं, वाऱ्यात तपासले आहेत, गालाला कळलेलं नाही. एकानं शिव्या दिल्या. एकानं पोरांना तिथल्या तिथे खांबावरून खाली बोलावलं, मला फोनमध्ये ऐकू येत होतं. तीस झाल्या.

मालकांना कुणीतरी सांगितलं. ते दारात येऊन उभे राहिले. एकतिसाव्याला फोन लागत नव्हता, मी लावत होते. ते म्हणाले, "फोन ठेवा." मी ठेवला नाही. मग ते गेले. आता ते वकिलाकडे असतील. गाडी द्यायला त्यांची परवानगी नाही, गाडीवाला आपल्या जबाबदारीवर निघाला आहे. त्याचा मेव्हणा वायरमन आहे.

तू माझ्यावर कितीही राग धर. मोज्यांच्या त्या नऊ जोड्या मात्र काढून घे.

धाकटी


४ मार्च

ताई,

बावीसला दुपारी गाडी परत आली. मी फाटकाशीच उभी होते. गाडीवाल्यानं आधी मान हलवली, मग इंजिन बंद केलं. त्याच्याकडून सगळं काढून घेतलं, तो कंटाळेपर्यंत.

तो म्हणाला, तू पत्र दारात उभ्यानं वाचलंस. एकदाच. मग आत जाऊन गॅस बंद केलास, चपला घातल्यास आणि त्याला विचारलंस, गाडीत पाण्याची बाटली आहे का. दुसरा शब्द नाही.

मुकादम ऐकेना. तो तुला म्हणाला, मोठ्या बाई, मोजे तुम्हाला दिले तर उद्या माझी माणसं काय उघड्या हातांनी तारा धरणार? आणि तू म्हणालीस,

"घरी बसतील. दोन्ही हातांनी जेवतील."

गाडीवाला हे वाक्य इथे सगळ्यांना ऐकवतो. धुलाईवाल्यांना तर त्यानं ते चार वेळा ऐकवलं.

मग तू पातेलंभर पाणी मागितलंस, गोदामाचं दार लावून घेतलंस आणि आत एकटी बसलीस. टोळी बाहेर. एकानं फटीतून बघितलं तर मुकादमानं त्याला हाकललं. रात्री जेवणवेळेला दार उघडलं.

पोतं मी सर्वांसमोर सोडलं. नऊ जोड्या. सात जोड्यांवर तुझी बरोबरची खूण. दोन जोड्यांवर खडूनं गोल, एक तर्जनीच्या पेराशी, एक तळव्यात. मी ते मोजे आठही जणींना दिले. कुणीही मला विचारू नका, म्हटलं, स्वतः बघा. आधी खिडकीशी, कोरड्या गालानं. मग भिंतीशी, ओल्या गालानं. मामी तळव्याचं भोक तीनदा लावून बघत राहिली. म्हणाली, "एवढं एक वाक्य होतं होय. एवढंच सांगायचं होतं, तर आम्ही तोंडावर बादली ओतून घेतली असती." कुणी हसलं नाही. मग एक हसली, मग सगळ्या.

मुंगी सर्वांत शेवटी आली. तिनं मोजा फुगवला, गालाशी धरला, डोळे मिटले. बराच वेळ. म्हणाली, "मग मी बरोबर सांगत होते." आणि आपल्या जागेवर, आतल्या भिंतीशी, जाऊन बसली.

सव्वीसला तपासनीस आले. मी सगळं सांगितलं, सप्टेंबरपासूनचं, पक्कडीपासून. नोव्हेंबरातलं आलं तेव्हा एकानं लेखणी थांबवली. म्हणाला, ती बोलली होती, हे तुम्ही स्वतःहून सांगताय? मी हो म्हटलं. त्यानं ते पुन्हा विचारलं आणि पुन्हा लिहून घेतलं. मालक खिडकीकडे बघत होते. बाहेर पडताना ते मला एवढंच म्हणाले, "एका खिडकीपायी." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मुंगीला काढलं नाही. मला खुर्चीवरून उतरवलं आहे. चौकशी संपेपर्यंत मी टेबलावर बसते, नऊ नंबरचा शिक्का, नवीन केला. कंत्राटाचं एप्रिलमध्ये ठरेल. काही जणींनी दुसरीकडे विचारून ठेवलं आहे, त्यांना मी दोष देत नाही. दीड हजार जोड्या परत आल्या, आम्ही रोज थोड्या थोड्या बघतो. आतापर्यंत तेवीस बाद निघाल्या. तेवीस खांब, असं मी मोजते आणि मग मोजणं थांबवते.

दवाखान्यात पुन्हा गेले होते. त्यालाही सांगितलं, चूक चार नंबरची नव्हती, माझी होती. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याच्या बायकोनं मला दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. पोत्याच्या तळाशी होती, घडी घालून एका मोज्यात खुपसलेली. मी ती दुसऱ्या दिवशी पाहिली, मोजा फुगेना म्हणून. तुझं अक्षर बिघडलं आहे.

तू लिहिलंस, "खिळे मी मारले. मलाही एकदा वाऱ्यात कळलं नव्हतं. तो माणूस वाचला नाही. मी कुणाला सांगितलं नाही. खिळे मारले."

अठरा वर्षं, ताई. तू रोज त्या खिडकीखाली बसलीस.

आईला मी चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं ती मागून घेतली आणि तुझ्या त्या फडक्यात ठेवली. म्हणाली, तिला लिही की एकदा यावं. मी लिहिलं. पुढचं तुझं तू.

खिडकीला नवे खिळे मारलेले नाहीत. मधल्या सुटीत ती उघडतो, सगळ्या जणी तिथे उभ्या राहतात. घंटा झाली की मुंगी जाऊन लावते, कडी घालते, आणि येताना नळावरून आठ फडकी भिजवून आणते. आता नऊ.

आज माझ्या टेबलावर अडतीस जोड्या झाल्या. दोन बाद.

धाकटी